सत्तेचा आवाज ओळखणारा नट

पडद्यावर लोकमान्य टिळक आणि महात्मा फुले या दोघांच्याही भूमिका एकाच नटानं केल्या, आणि त्याच नटाला हिंदी प्रेक्षक आयुष्यभर खलनायक म्हणून ओळखत राहिला. सदाशिव अमरापूरकरांवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेताना मला पहिल्यांदा हीच गोष्ट सांगावीशी वाटते. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी सगळ्यांना आठवतो. 'सडक'मधली महाराणी आठवते. टीव्हीवर दुपारी गोविंदाचे चित्रपट पाहत मोठ्या झालेल्यांना 'कुली नं. 1'मधला लग्नं जुळवणारा शादीराम घरजोडे आठवतो. जयू आणि नचिकेत पटवर्धनांच्या '22 जून 1897' (1979) या मराठी चित्रपटातले टिळक किंवा श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मधले जोतीराव मात्र क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतात.

टिळक आणि फुले ही जोडी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. 1882 साली टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात गेले. त्याआधी त्यांच्या जामिनाची सोय करण्यात जोतीरावांनी पुढाकार घेतला होता. आणि मुलींच्या शिक्षणापासून शेतकऱ्यांच्या प्रश्नांपर्यंत हेच टिळक आणि जोतीराव एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते. दोघांच्याही शब्दाला वजन होतं, पण ते येत होतं वेगवेगळ्या ठिकाणांहून. टिळकांच्या मागे परंपरा आणि विद्वत्ता यांचा भार होता. जोतीराव बांधकामाचे कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. हे दोन आवाज वेगळे काढून दाखवायचे, तर नटाला मिशा आणि पगडी बदलून भागत नाही. अधिकार माणसाच्या अंगात कसा मुरतो, तो हुकूम कसा देतो, गप्प कधी बसतो, कुणाकडे बघून बोलतो आणि कुणाकडे न बघता, हे सारं त्याला ठाऊक असावं लागतं.

अमरापूरकरांना ते ठाऊक होतं. त्यांच्या सगळ्या चांगल्या भूमिकांचा धागा मला तिथेच दिसतो. ते सत्तेचे अभ्यासक होते. हिंदी सिनेमानं त्यांच्याकडून भीती घेतली, नंतर हसू घेतलं. पण त्या भीतीच्या आणि हसूच्या मुळाशी जे निरीक्षण होतं, त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

हे निरीक्षण आलं कुठून? त्यासाठी नगरला जावं लागतं. 11 मे 1950 ला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव गणेशकुमार नरवोडे. सदाशिव अमरापूरकर हे नाव रंगभूमीसाठी घेतलेलं, पण नगरकरांसाठी ते शेवटपर्यंत 'तात्या'च राहिले. पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहासात एम. ए. केलं. ही माहिती चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात येते आणि वाचणारा पुढे सरकतो. माझ्या मते तिथे थांबायला हवं. निजामशाहीची राजधानी, चांदबीबीचा किल्ला, मग मोगल, पेशवे, इंग्रज अशी एकामागून एक सत्ता या शहरानं पाहिली. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून इंग्रजांनी याच किल्ल्यात आणून ठेवलं, आणि 1944 साली तिथेच पंडित नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. 'भारत एक खोज' ही मालिका त्याच पुस्तकावर उभी आहे. ज्या शहरात ते पुस्तक लिहिलं गेलं, त्याच शहरातला मुलगा चव्वेचाळीस वर्षांनी त्या मालिकेत जोतीराव म्हणून उभा राहिला. आणखी एक दुवा आहे. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी जोतीरावांनी नगरला फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे तिथेच घेतल्याचं चरित्रकार सांगतात. इतिहास शिकलेल्या नगरच्या नटाला हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

नाटकाची हवाही नगरला होतीच. हिंदी-मराठी पडद्यावर कृष्ण साकारून घराघरांत पोचलेले शाहू मोडक इथलेच. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'वाले मधुकर तोरडमल नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांतल्या हौशी नाट्यसंस्था, राज्य नाट्य स्पर्धा, कॉलेजच्या एकांकिका, रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या तालमी, सकाळी परत नोकरी-धंदा: या रंगभूमीनं मराठी पडद्याला कितीतरी माणसं दिली. या तालमींत नट घडतो तो वेगळा. नेपथ्य त्यालाच उचलावं लागतं, जाहिरात त्यालाच करावी लागते, आणि प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसलेल्या नगराध्यक्षाला, कारखान्याच्या चेअरमनला, फौजदाराला तो रोज रस्त्यात भेटत असतो. सत्ता त्याच्यासाठी ओळखीच्या चेहऱ्याची असते. तो चेहरा नमस्कार कसा घेतो आणि कुणाचा नमस्कार घेतच नाही, हे त्याला पाठ असतं.

तिथून अमरापूरकर मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर आले. 'हॅण्ड्स अप!' हे भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकरांबरोबरचं त्यांचं नाटक 1981-82 च्या सुमाराला गाजत होतं. गोविंद निहलानी तेव्हा एका चित्रपटासाठी नट शोधत होते. त्यांची नजर या नाटकातल्या अमरापूरकरांवर पडली.

'अर्धसत्य' 1983 साली आला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देवांचे. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या भूमिकेत ओम पुरी, त्याच्या बापाच्या, निवृत्त कॉन्स्टेबलच्या भूमिकेत अमरीश पुरी, शिवाय स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, शफी इनामदार. इतक्या ताकदीच्या मंडळींत हिंदी पडद्यावर जवळजवळ अनोळखी असलेला एक मराठी नट रामा शेट्टी म्हणून येतो. त्याचे प्रसंग मोजके आहेत. चित्रपट संपल्यावर मात्र तो सगळीकडे होता असं वाटत राहतं.

हे कसं झालं, ते थोडं सविस्तर पाहायला हवं. त्या काळातला हिंदी खलनायक आपण येतोय हे आधीच कळवून यायचा. त्याचा अड्डा असायचा, ठरलेलं एखादं वाक्य असायचं, हास्य असायचं. रामा शेट्टी यातलं काही घेऊन येत नाही. जळून मरणाच्या दारात पडलेल्या माणसाची जबानी घेऊन वेलणकर त्याला अटक करायला जातो, तेव्हा शेट्टी चिडत नाही. एक फोन करतो. वरून वेलणकरला माघार घ्यायचा निरोप येतो. एवढंच. अमरापूरकर तो प्रसंग रोजच्या कामासारखा करतात. फोन फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर विजय नाही, अपमानाचा सूडही नाही. ही सवय आहे. प्रेक्षकाला घाम फुटतो तो या सवयीमुळे, कारण शेट्टीसाठी कायदा अडथळासुद्धा नाही, हे त्याला तेव्हा उमगतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं ऐकणं. रामा शेट्टी समोरच्याचं नीट ऐकतो. वेलणकर तणावानं ताठ झालेला असतो, शब्द त्याच्या घशात अडकतात, आणि शेट्टी शांतपणे त्याच्याकडे बघत असतो. या माणसाला किती रागवू द्यायचं, कुठे थांबवायचं, नंतर त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं, याचा हिशेब डोळ्यांत चाललेला असतो. पुढे हाच शेट्टी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो. गुंड आणि लोकप्रतिनिधी यांच्यातली रेघ ऐंशीच्या दशकात मुंबईच्या डोळ्यांदेखत पुसली जात होती, आणि अमरापूरकरांनी ती पुसलेली रेघ एका शरीरात उभी केली. शेवटच्या प्रसंगात अडचणीत सापडलेला वेलणकर त्याच्याकडे मदतीला जातो. तिथेही शेट्टी अपमान करतो तो मोठ्या आवाजात नाही. आता तू माझा झालास, एवढंच त्याचं वागणं सांगत असतं. वेलणकर त्याचा गळा का आवळतो, हे आपल्याला पटतं, कारण त्या शांततेपुढे दुसरं काही चालणार नाही, हे आपणही तोवर अनुभवलेलं असतं. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो त्यांचाच होता. पण त्या संतापाला धार लावणारा दगड समोर बसला होता. अमरापूरकरांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

'अर्धसत्य' आला त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'कन्यादान' रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक होते अमरापूरकर. ध्येयवादी समाजवादी घरातली मुलगी दलित कवीशी लग्न करते आणि त्या घराच्या तत्त्वांची परीक्षा सुरू होते, असं ते नाटक. त्यावर वाद झाले, आजही होतात, आणि त्या वादात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मला इथे इतकंच नोंदवायचं आहे की एकाच वर्षात तेंडुलकरांच्या पटकथेतला गुंड आणि तेंडुलकरांच्या नाटकाचा दिग्दर्शक हा एकच माणूस होता. सत्ता रस्त्यावर कशी चालते आणि घरात, विचारांच्या आडून कशी चालते, दोन्ही तो एकाच वेळी हाताळत होता. असा नट हिंदी सिनेमाच्या हाती लागला होता.

पुढची काही वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण ती तशीच ओलांडण्याजोगी आहेत. 'आखरी रास्ता' (1986) मधला पुढारी चतुर्वेदी, अनिल शर्मांच्या 'हुकूमत' (1987) मधला धर्मेंद्रसमोरचा खलनायक, आणि मग पुढारी, जमीनदार, तस्कर यांची रांग. 'हुकूमत' प्रचंड चालला आणि दाक्षिणात्य ढंगाच्या हिंदीपासून विचित्र केशभूषेपर्यंत सगळं त्यांच्याकडून मागितलं जाऊ लागलं. आवाज चढवायला सांगितला गेला. त्यांनी तो चढवला, मन लावून चढवला. पोटासाठी काम करणाऱ्या नटाला यात दोष देण्याचं मला काहीच कारण दिसत नाही. दोष द्यायचा तर तो लेखनाला. ज्या नटाची खरी ताकद गप्प राहण्यात होती, त्याला पानभर संवाद दिले गेले.

'सडक' (1991) मात्र ओलांडता येत नाही. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात कुंटणखाना चालवणाऱ्या तृतीयपंथी महाराणीची भूमिका अमरापूरकरांनी केली. फिल्मफेअरनं खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तेव्हा तो पहिल्यांदा त्यांनाच मिळाला. अभिनय म्हणून ही भूमिका विलक्षण आहे. लाडीकपणा आणि धमकी एकाच श्वासात येतात, आणि पुढच्या क्षणी यातलं कोणतं येईल हे समोरच्याला कळत नाही. पण आज ती पाहताना मला अस्वस्थ वाटतं, आणि ते इथे लिहून ठेवायला हवं. तृतीयपंथीयांविषयी समाजात आधीच साचलेली भीती आणि किळस या पात्रानं आणखी घट्ट केली. कितीतरी प्रेक्षकांसाठी तृतीयपंथी माणसाचा पडद्यावरचा पहिला मोठा चेहरा हा असा होता. हे लेखनातून आलं, त्या काळातून आलं. पण नट जितका समर्थ, तितकं ते खोल जातं. अमरापूरकरांचं मोठेपण मानणाऱ्यानं ही किंमतही मान्य करावी, असं मला वाटतं.

विनोदी भूमिकांकडे ते वळले तेव्हा प्रेक्षकांना आश्चर्य वाटलं. रंगभूमीवर त्यांना पाहिलेल्यांना वाटलं नसावं. डेव्हिड धवनच्या 'आँखें'मधला (1993) इन्स्पेक्टर, 'कुली नं. 1'मधला (1995) अपमान गिळून डाव रचणारा घरजोडे, इंद्रकुमारच्या 'इश्क'मधला (1997) गरिबांना तुच्छ लेखणारा श्रीमंत बाप. या सगळ्यांत एक सूत्र आहे. ही माणसं स्वतःला अधिकारी समजतात आणि त्यांचा अधिकार कुणी मानत नाही. रामा शेट्टीकडे जी सत्ता न बोलता होती, ती यांच्याकडे कितीही ओरडलं तरी नाही. सत्तेचा पोकळ भाग कुठे असतो हे माहीत असल्याशिवाय हा विनोद जमत नाही. 'इश्क'मध्ये तोल जातो त्या श्रीमंत बापाच्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहावा: जग आपलं ऐकत नाही ही गोष्ट त्याला खरीच वाटत नाही.

छोट्या पडद्यावर मात्र त्यांना नेमकं काम मिळालं. 1988 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'भारत एक खोज'च्या 53 भागांत एक भाग जोतीरावांचा होता. एका भागात अख्खं आयुष्य दाखवायचं, म्हणजे घटनांची यादी होण्याचा धोका असतो. अमरापूरकरांचे जोतीराव त्यातून वाचतात ते त्यांच्या रागामुळे. तो भाषणाचा राग नाही, हिशेब मागणाऱ्या माणसाचा आहे. मी मघाशी कंत्राटदार जोतीराव म्हटलं, ते त्यांना पाहूनच सुचलं. सत्ता वापरणाऱ्यांच्या इतक्या भूमिका केलेला हा नट इथे सत्तेला जाब विचारतो, आणि जाब विचारणाऱ्याच्या आवाजात किती वेगळा जोर असतो, ते ऐकू येतं. गंमत म्हणजे या मालिकेचं निवेदन ओम पुरी करत होते.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी त्यांना 'दोघी' (1995) आणि 'वास्तुपुरुष' (2002) यांत घेतलं. पुढे राजीव पाटलांचा 'सावरखेड : एक गाव' आला. या चित्रपटांत त्यांना पुन्हा ओळखीची माती मिळाली, घराची, गावाची, थकलेल्या कर्त्या माणसाची. हिंदीतल्या शंभर खलनायकांपेक्षा हे काम जास्त टिकेल, असं माझं मत आहे. या पुस्तकाचे वाचक ते तपासून पाहतील अशी आशा आहे.

भारतीय सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा 2013 मध्ये 'बॉम्बे टॉकीज' आला. त्यातला दिबाकर बॅनर्जीचा भाग सत्यजित राय यांच्या 'पटलबाबू फिल्मस्टार' या कथेवर बेतलेला आहे. नवाजुद्दीन सिद्दिकीनं केलेला पुरंदर हा चाळीत राहणारा, नाटक अर्धवट सुटलेला माणूस आहे. शूटिंगच्या ठिकाणी योगायोगानं त्याला एक क्षणाची भूमिका मिळते: हिरोला धडकायचं आणि एक शब्द उच्चारायचा. तो त्या एका शब्दाची तालीम करू लागतो, आणि गतकाळातला त्याचा नाटकातला गुरू त्याच्यासमोर उभा राहतो. तो गुरू अमरापूरकरांनी केला आहे. गुरू शिष्याला झाडतो, डिवचतो, कामाची लाज काढतो. एका शब्दाच्या भूमिकेतसुद्धा तो माणूस कुठून आला आणि कुठे निघालाय हे नटाला माहीत हवं, ही त्या कथेतली शिकवण. तीस वर्षं छोट्या-मोठ्या जागा मनापासून भरलेल्या माणसाच्या तोंडी ती शोभून दिसते.

पडद्याबाहेरचे अमरापूरकर या पुस्तकात बरेच भेटतील, म्हणून मी थोडक्यात लिहितो. सामाजिक कृतज्ञता निधी, अंधश्रद्धा निर्मूलन समिती, लोकशाही प्रबोधन व्यासपीठ यांच्याशी त्यांचं नातं होतं. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या पिढीनं मराठी नटापुढे जो एक रस्ता ठेवला, त्यावरून ते चालले. नगरच्या 'स्नेहालय'चं कामही त्यांनी आपलं मानलं. ही संस्था वेश्यावस्तीतल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उभी राहिली आहे. 'सडक'मध्ये कुंटणखान्याची मालकीण झालेला नट खऱ्या आयुष्यात कुठे उभा होता, ते यातून कळतं.

2013 च्या होळीची आठवण अनेकांना असेल. महाराष्ट्र भीषण दुष्काळात होता, मराठवाड्यात आणि नगरच्या दक्षिण भागात टँकरवर गावं जगत होती. मुंबईत त्यांच्या राहत्या भागात पाण्याची उधळण चाललेली पाहून ते विरोध करायला गेले, तर त्यांनाच धक्काबुक्की झाली. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यातून आलेला तो माणूस होता. साठी ओलांडलेल्या त्या गृहस्थानं घराची खिडकी लावून घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांना ते जमलं नाही.

फुप्फुसाच्या आजारानं 3 नोव्हेंबर 2014 ला मुंबईत ते गेले. वय चौसष्ट. अंत्यसंस्कार नगरला झाले.

राहिली एक अडचण, आणि ती या पुस्तकाच्या कामाशी थेट जोडलेली आहे. चित्रपट आणि मालिका पाहता येतात. पण ज्या रंगभूमीवर हा नट घडला, तिथलं त्यांचं काम बहुतांशी चित्रित झालेलं नाही. नगरमधली स्पर्धांची नाटकं, 'हॅण्ड्स अप!'चे प्रयोग, 'कन्यादान'च्या तालमी हे सगळं सहकलाकारांच्या आठवणींत, कुणाच्या कपाटातल्या कृष्णधवल फोटोंत, पिवळ्या पडलेल्या जाहिरातींत आणि प्रॉम्प्टरच्या वह्यांत विखुरलेलं आहे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाच्या कामात अमरापूरकर स्वतः रस घेत होते. जुना कागद जपला पाहिजे हे इतिहासाच्या या विद्यार्थ्याला वेगळं सांगावं लागलं नसतं. त्यांच्या बरोबरीचे रंगकर्मी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्यांच्याकडे असा एखादा फोटो, ध्वनिफीत, पत्र किंवा संहितेची प्रत असेल, त्यांनी ती माळ्यावरून खाली काढावी, मागे तारीख आणि माणसांची नावं लिहावीत, आणि जिथे ती नीट सांभाळली जाईल अशा ठिकाणी द्यावी. पुस्तकाची पुढची आवृत्ती त्या कागदांवर उभी राहू शकेल.